सत्कार पुरे, संगत हवी

तुळशीचे लग्न लागले की अमरावती-अकोल्याच्या मंगल कार्यालयांतून लग्नांबरोबर आणखी एका प्रकारचे समारंभ सुरू होतात. कोणाची एकसष्टी असते, कोणाचा अमृतमहोत्सव, तर एखाद्या भाग्यवंताचे सहस्रचंद्रदर्शन. पुण्याहून, मुंबईहून, हैदराबादहून मुले येतात. एखादी लेक परदेशातून येते. उत्सवमूर्तींना सजविलेल्या खुर्च्यांवर बसविले जाते, शाल-श्रीफळ होते, जुनी छायाचित्रे पडद्यावर दाखविली जातात, भाषणे होतात, पंगती उठतात. दोन दिवसांनी पाहुण्यांना रेल्वे स्थानकावर पोचवून झाले की म्हातारा-म्हातारी घरी परततात, शालींची घडी करून कपाटात ठेवतात आणि दूरचित्रवाणीपुढे बसतात. समारंभ खोटा नसतो. मुलांचे प्रेमही खोटे नसते. परंतु त्या दोन दिवसांखेरीज उरलेल्या ३६३ दिवसांचे काय, हा प्रश्न त्या घरात कोणी मोठ्याने विचारीत नाही. तो विचारण्याची वेळ आली आहे, असे आम्हांस वाटते.

हा प्रश्न चार-दोन घरांचा राहिलेला नाही. संयुक्त राष्ट्रांच्या लोकसंख्या निधीने २०२३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार भारतात साठी ओलांडलेल्यांची संख्या २०२२ मध्ये सुमारे १४ कोटी ९० लाख होती आणि २०५० पर्यंत ती ३४ कोटी ७० लाखांच्या घरात जाईल. म्हणजे आज दर दहा माणसांत एक ज्येष्ठ आहे, तर तेव्हा दर पाचांत एक असेल. आज जो विद्यार्थी बारावीच्या परीक्षेची तयारी करीत आहे तो त्या वेळी चाळिशी ओलांडून गेलेला असेल आणि त्याचे आईवडील या गणनेत जमा झालेले असतील. तेव्हा हा विषय केवळ पेन्शनरांचा आहे असे समजून तरुण वाचकांनी पान उलटू नये.

मुलांना दोष देणे हा या विषयावरील सर्वांत सोपा उपदेश होय, आणि म्हणूनच तो आम्ही टाळतो. डॉ. पंजाबराव देशमुखांनी १९३२ मध्ये श्री शिवाजी शिक्षण संस्थेची स्थापना केली ती कास्तकाराच्या मुलाने शिकावे म्हणून. तो मुलगा शिकला, शिक्षक झाला, तहसिलीत कारकून झाला. त्याने आपल्या मुलाला अधिक शिकविले आणि त्या मुलाला शोभेल असे काम वऱ्हाडात मिळाले नाही, म्हणून तो बाहेर पडला. ज्या बापाने पोटाला चिमटा घेऊन मुलाच्या वसतिगृहाचे पैसे भरले, त्याच बापाचे घर त्या शिक्षणाच्या यशामुळे रिकामे झाले आहे. यात गुन्हेगार कोणी नाही. परंतु गुन्हेगार नाही म्हणून दुःख नाही, असे होत नाही.

शासनाने या बाबतीत काहीच केले नाही असेही म्हणता येणार नाही. आईवडिलांच्या व ज्येष्ठ नागरिकांच्या चरितार्थासंबंधीचा कायदा २००७ मध्ये झाला. जी मुले आईबापांना सांभाळीत नाहीत त्यांच्याकडून निर्वाहखर्च मागण्याचा हक्क त्याने दिला. राज्य परिवहनाच्या गाड्यांतून ६५ वर्षांवरील प्रवाशांना अर्धे भाडे आहे. ७५ वर्षांवरील ज्येष्ठांना ऑगस्ट २०२२ पासून विनामूल्य प्रवास मिळाला. या सोयींचे मोल कमी लेखू नये. मात्र कायदा भाकरी मिळवून देऊ शकतो. ती भाकरी खाताना समोर कोण बसेल, हे तो ठरवू शकत नाही. विनामूल्य तिकीट हाती आहे, पण जायचे कोणाकडे आणि कोणाबरोबर, हे ज्याला ठाऊक नाही त्याला एस. टी. कोठे नेणार? उतारवयातील खरी उणीव बहुतेक वेळा संगतीची असते, आणि ती उणीव आपण सत्काराने भरून काढू पाहतो.

सत्कार आणि संगत यांत फरक आहे. सत्कारात माणूस बसलेला असतो आणि बाकीचे सारे काही ना काही करीत असतात. त्याला काही विचारायचे नसते, काही ठरवायचे नसते, उठून वाढायचेही नसते. तो त्या दिवशीचा देव असतो, आणि देवाला बोलण्याची मुभा कोणत्याच देवळात नसते. संगतीत मात्र ज्याला त्याला काम असते, मत असते, प्रसंगी भांडणही असते. आपल्या परंपरेतील चांगले सण पाहिले तर त्यांनी ज्येष्ठांना असे कामच दिलेले आढळेल. वऱ्हाडातील भुलाबाईचेच उदाहरण घ्यावे. भाद्रपदी पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत मुली घरोघरी गाणी म्हणत, आणि ती गाणी क्रमाने ज्यांना येत त्या आज्याच असत. झाकलेली खिरापत ओळखण्याचा खेळ रंगे तोही आजीच्या हातच्या जिन्नसांमुळे. कोजागरीला घरातील पहिल्या अपत्याला ओवाळण्याची चाल आहे. पंच्याऐंशी वर्षांच्या आईने पासष्ट वर्षांच्या लेकाला पाटावर बसवून ओवाळावे, यासारखा सोहळा कोणत्या मंगल कार्यालयात भाड्याने मिळेल? त्यात म्हातारी सत्कारमूर्ती नसते, ओवाळणारी असते. तिच्यावाचून तो सण होऊच शकत नाही.

येथे एका अप्रिय गोष्टीचा उल्लेख केल्यावाचून पुढे जाता येत नाही. एका पौर्णिमेपासून दुसरीपर्यंत सरासरी साडेएकोणतीस दिवस जातात. हजार पौर्णिमांना सुमारे २९,५३० दिवस, म्हणजे ८० वर्षे आणि १० महिने लागतात. सहस्रचंद्रदर्शनाचा हिशेब हा असा सरळ आहे. चंद्र बाई आणि बुवा असा भेद करीत नाही. परंतु आपल्याकडे हे सोहळे प्रायः पतीच्या वयावर मोजले जातात आणि पत्नी त्यात शेजारच्या पाटावर बसते. स्त्रिया सर्वसाधारणपणे पुरुषांहून अधिक जगतात, आणि नवरा बहुधा वयाने मोठा असतो. अर्थात हजार चंद्र पाहणाऱ्यांत पती गमावलेल्या स्त्रियांची संख्या मोठी असणारच. त्यांच्यापैकी कितीजणींचे सहस्रचंद्रदर्शन आपण पाहिले आहे? उलट नातसुनेची ओटी भरताना हीच आजी मागच्या खोलीत जाऊन बसते, संक्रांतीच्या हळदीकुंकवाला तिळगूळ तिने वळायचा आणि वाणाच्या वेळी तिने दूर राहायचे, ही रीत सुशिक्षित म्हणविणाऱ्या घरांतूनही पुरती गेलेली नाही. ‘तिला स्वतःलाच ते आवडत नाही’ असे यावर सांगितले जाते. चाळीस वर्षे दाराआड उभे केलेल्या माणसाला दाराआडच बरे वाटू लागते, यात नवल कोणते?

ही रीत बदलता येते, हे कोल्हापूर जिल्ह्यातील हेरवाड या गावाने दाखवून दिले आहे. तेथील ग्रामपंचायतीने मे २०२२ मध्ये विधवांना कमी लेखणाऱ्या प्रथा बंद करण्याचा ठराव केला आणि त्याच महिन्यात राज्य शासनाने इतर ग्रामपंचायतींनाही त्याचे अनुकरण करण्यास सांगितले. वऱ्हाडाला तर असे धडे घेण्यासाठी दूर जाण्याचे कारणच नाही. १८७६ मध्ये शेंडगाव येथे जन्मलेल्या डेबूजीने, म्हणजे पुढच्या गाडगेबाबांनी, आपल्या मुलीच्या बारशाला मद्यमांसाच्या जेवणाची चालत आलेली रूढी मोडली. लोकांना त्यांनी उपदेश केला तो पुढे. आधी आपल्या घरातला समारंभ बदलला. घरगुती सोहळा ही क्षुल्लक बाब नव्हे, समाज बदलण्याचे ते पहिले ठिकाण आहे, हे त्या निरक्षर पुरुषाला कळले होते. येत्या संक्रांतीला पहिले हळदीकुंकू आजीला लावावे आणि पहिले वाण तिच्या हाती द्यावे. यासाठी शासनाच्या परिपत्रकाची वाट पाहण्याची आवश्यकता नाही.

संगतीचा सण कसा असावा याचा नमुना हवा असेल तर तोही आपल्या वावरातच आहे. थंडी पडली की वऱ्हाडात रोडग्यांचे बेत ठरू लागतात. चांदूर बाजार तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी बहिरमबुवाची यात्रा दरवर्षी २० डिसेंबरपासून भरते आणि महिनाभराहून अधिक काळ चालते. तेथील रोडगे आणि हंडीतले जेवण यांची कीर्ती दूरवर आहे. परंतु यात्रेला न जाणारेही कोणाच्या तरी शेतात, विहिरीच्या कडेला, आंब्याच्या सावलीत रोडगे लावतातच. हा पदार्थ एकट्याने करण्याजोगा नाही. एकाने गोवऱ्या रचायच्या, दुसऱ्याने जाडसर कणीक मळायची, तिसऱ्याने पदर घालून गोळे वळायचे, चौथ्याने वांगी चिरायची. निखारा केव्हा पुरेसा झाला, रोडगा केव्हा उलटायचा आणि राख झटकून केव्हा फोडायचा, हे मात्र जाणत्या माणसालाच कळते. शहरात वाढलेला नातू तेथे आजोबांना विचारल्यावाचून काही करू शकत नाही. तेथे व्यासपीठ नसते, प्रमुख पाहुणे नसतात आणि आभारप्रदर्शनही नसते. तुपात बुडविलेला रोडगा हाती आला की भाषणाची गरज उरत नाही.

संत एकनाथांच्या एका प्रसिद्ध भारुडातील सासुरवाशीण देवीला जो नवस बोलते तो रोडग्याचाच. सासरच्या एकेका माणसाचा काच दूर कर आणि मला एकटीला सुखाने राहू दे, असे तिचे मागणे आहे. नाथांना त्यातून अध्यात्म सांगावयाचे होते, हे खरे. परंतु वरवरच्या अर्थाने पाहिले तर ते मागणे आज अनेक म्हाताऱ्यांच्या वाट्याला नवस न बोलताच आले आहे. सासू-सासरे गेले, दीर-नणंदा पांगल्या, मुले दूरदेशी गेली, आणि चार खोल्यांच्या घरात ती एकटी राहिली. आता तिने रोडग्याचा नवस बोलायचा तर तो उलटाच बोलावा लागेल.

घरातील माणसे दूर असली म्हणजे संगतीचा आधार उरतो तो मैत्रीचा. या बाबतीत नोकरदार वर्गाने, विशेषतः शिक्षक आणि कारकून यांनी, वेळीच सावध होण्याची आवश्यकता आहे. तीस-पस्तीस वर्षे ज्यांच्याबरोबर मधल्या सुटीत चहा घेतला त्यांना आपण मित्र समजतो. वयाच्या ५८व्या वर्षी निरोपसमारंभ होतो आणि वर्षभरात ध्यानात येते की त्यांतील बहुतेक जण मित्र नव्हते, शेजारच्या टेबलावरचे सहकारी होते. टेबल गेले तसे तेही गेले. स्त्रियांची स्थिती निराळी, पण फारशी बरी नाही. त्यांना शेजार असतो, भजनी मंडळ असते; परंतु स्वतःच्या आवडीने, घरच्या कोणत्याही कामाविना, मैत्रिणीकडे दिवसभर जाऊन राहण्याची मोकळीक साठीनंतरही अनेकींना घ्यावीशी वाटत नाही. मैत्री ही पेन्शनसारखी आपोआप मिळत नाही. ती भविष्यनिर्वाह निधीसारखी आहे. चाळिशी-पन्नाशीतच तिच्यात थोडे थोडे जमा करीत जावे लागते.

ही केवळ भावनेची गोष्ट आहे असेही नाही. अमेरिकेतील हार्वर्ड विद्यापीठात १९३८ पासून एकाच गटातील माणसांच्या आयुष्याचा पिढ्यान्‌पिढ्या अभ्यास चालू आहे. उतारवयातील प्रकृती आणि समाधान यांच्याशी जिव्हाळ्याच्या संबंधांचा फार जवळचा संबंध आहे, हा त्याचा सर्वांत ठळक निष्कर्ष. जागतिक आरोग्य संघटनेच्या आयोगाने २०२५ च्या जूनमध्ये जो अहवाल दिला त्यानुसार जगात दर सहा माणसांमागे एकाला एकटेपणाची झळ लागते. रक्तदाब मोजण्याचे यंत्र आता घरोघर आले आहे. ‘या आठवड्यात कोणाकडे गेला होता?’ हा प्रश्नही डॉक्टरांनी तितक्याच गांभीर्याने विचारावयास हरकत नाही.

मित्र मिळाले तर त्यांच्याबरोबर जायचे कोठे? या बाबतीत वऱ्हाडाइतके भाग्यवान प्रांत थोडे असतील. उत्तरेला सातपुडा आहे. मेळघाट हा १९७३-७४ मध्ये निवडलेल्या देशातील पहिल्या नऊ व्याघ्र प्रकल्पांपैकी एक; साडेतीन हजार फुटांहून अधिक उंचीवरील चिखलदरा आणि जवळचा गाविलगड, अकोटजवळचा नरनाळा, अकोलेकरांना हाकेच्या अंतरावर असलेले काटेपूर्णा अभयारण्य, अमरावतीच्या अंगणातला वडाळीचा तलाव, ही सारी ठिकाणे एका दिवसात जाऊन येण्याजोगी आहेत. मे महिन्यात अकोल्याचा पारा ४५ अंशांच्या वर जातो हे खरे, पण दसऱ्यापासून होळीपर्यंतचे पाच महिने तर आपले आहेत. हिवाळ्यात हिमालय ओलांडून आलेले पट्टकादंब हंस विदर्भातील तलावांवर उतरतात. त्यांना पाहण्यासाठी गुडघ्यांत बळ लागत नाही. सकाळी लवकर उठण्याची सवय आणि गप्प बसण्याची तयारी लागते. या दोन्ही गोष्टी म्हातारपणी विपुल असतात.

मारुती चितमपल्ली यांचे चरित्र या दृष्टीने पाहण्यासारखे आहे. वनखात्यातील सेवा संपल्यावर त्यांनी अरण्याचा नाद सोडला नाही. पक्षिकोशासारखे मोठे कोशकार्य त्यांनी सेवानिवृत्तीनंतरच्या काळात सिद्धीस नेले, २०२५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली आणि त्याच वर्षी १८ जून रोजी, वयाच्या त्र्याण्णवाव्या वर्षी त्यांचे निधन झाले. प्रत्येकाने कोश लिहावा असे कोणी म्हणणार नाही. परंतु ‘आता या वयात काय शिकायचे?’ हा प्रश्न त्यांच्या उदाहरणापुढे टिकत नाही. रानपिंगळा हा छोटा घुबडवर्गीय पक्षी शतकाहून अधिक काळ नामशेष झाला असे मानीत असत. १९९७ मध्ये तो नंदुरबारकडील सातपुड्यात पुन्हा आढळला, पुढे मेळघाटातही त्याची नोंद झाली. तो कोठे गेला नव्हता. कोणी पाहायलाच गेले नव्हते. आपल्या गल्लीतील किती वृद्धांविषयी हेच म्हणता येईल!

हे सारे पेन्शनवाल्यांचे चोचले आहेत, असा आक्षेप येईल, आणि तो सर्वस्वी चुकीचा नाही. ज्या वृद्ध शेतमजुराला श्रावणबाळ योजनेच्या अनुदानावर महिना काढावा लागतो, त्याला चिखलदऱ्याची हवा सांगणे ही थट्टाच ठरेल. त्याचा पहिला प्रश्न औषधाचा आणि धान्याचा आहे, आणि तो आधी सुटला पाहिजे. परंतु गरिबाला संगत लागत नाही असे कोणी समजू नये. राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांनी गुरुकुंज मोझरीहून सामुदायिक प्रार्थनेचा जो प्रघात गावोगाव नेला, त्यात संध्याकाळी एकाच सतरंजीवर पाटील, मजूर, म्हातारे आणि पोरे बसत. त्याला पैसा लागत नव्हता. आजही जेथे तो प्रघात टिकून आहे तेथे एखादा वृद्ध दोन दिवस आला नाही तर तिसऱ्या दिवशी त्याच्या घरी कोणी ना कोणी चौकशीला जातो. अशी चौकशी होणे हीच संगतीची खरी कसोटी आहे.

म्हणून काही साध्या गोष्टी सुचवाव्याशा वाटतात. नगरपालिकांनी आणि वनखात्याने तलावांच्या काठी व निसर्गस्थळी पाठ टेकता येईल असे बाक, पिण्याचे पाणी आणि स्त्रियांसाठी स्वच्छ प्रसाधनगृह एवढी तरी व्यवस्था करावी; तेवढ्यानेही अनेक म्हातारी माणसे घराबाहेर पडतील. अकोल्याहून खांडव्याकडे मेळघाटातून जाणारी मीटरगेज गाडी २०१७ च्या आरंभी थांबली, मूर्तिजापूरची शकुंतलाही आता धावत नाही. या मंद गाड्या गेल्यावर सातपुड्याच्या कुशीत सावकाश जाण्याचे साधन म्हणून एस. टी. वर अधिक जबाबदारी आली आहे. हिवाळ्यात सुटीच्या दिवशी सकाळी नेऊन संध्याकाळी आणणाऱ्या गाड्या तिने सोडाव्यात. शाळांनी सहल काढताना विद्यार्थ्यांच्या दोन-चार आजीआजोबांना बरोबर न्यावे. झाडांची आणि पाखरांची वऱ्हाडी नावे पोरांना सांगणारे शिक्षक त्यांना याहून स्वस्तात मिळणार नाहीत.

उरलेले काम ज्येष्ठांचे स्वतःचे आहे. मुलांच्या दूरध्वनीची वाट पाहत बसण्याऐवजी आपणच कोणाला तरी दूरध्वनी करावा. ज्याच्याशी जुन्या वाटणीवरून वा बदलीवरून अबोला आहे त्याला या हिवाळ्यात रोडग्यांना बोलवावे. सत्तरीनंतर भांडण चालू ठेवण्याइतका वेळ कोणापाशी नसतो. आणि मुलांना एवढेच सांगावेसे वाटते की, अमृतमहोत्सवासाठी बाजूला काढलेल्या पैशांतून मंगल कार्यालय घेण्यापूर्वी आईवडिलांना एकदा विचारावे. त्यांना कदाचित भाषणे नको असतील. त्यांच्या चार मित्रमैत्रिणींना गाडीत घालून एखाद्या वावरात न्यावे, गोवऱ्या पेटवाव्यात आणि कणीक आईला मळू द्यावी. परतताना पुढच्या महिन्यात कोणाच्या शेतात जमायचे, ते ठरवूनच उठावे.